सीमाभागातील विद्यार्थ्याने संशोधन निबंध कसा लिहावा

‘राष्ट्रीय अस्मिता आणि सामाजिक प्रश्न’ हा विषय हाती आला, की बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या विद्यार्थ्याची लेखणी आपोआप सीमाप्रश्नाकडे वळते, आणि ते स्वाभाविकच आहे. घरात एक, कचेरीत दुसरी आणि परीक्षेत कधी तिसरी भाषा वापरणाऱ्या मुलासाठी अस्मिता हा केवळ पुस्तकातला विषय नसतो. मात्र १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आजपर्यंतचा सगळा सीमाप्रश्न एकाच निबंधात मांडायला घेतला, तर संशोधन मागे पडते आणि हाती भाषण उरते. म्हणून पहिले काम प्रश्न लहान करण्याचे.

‘सीमाभागातील मराठी माणसाची ओळख कोणती?’ या प्रश्नाचे उत्तर तपासता येत नाही. ‘आमच्या गावातील तीन पिढ्यांचे शिक्षण कोणकोणत्या माध्यमात झाले आणि माध्यम बदलण्याची कारणे कोणती?’ हे मात्र घरोघरी जाऊन विचारता येते. निपाणीच्या विद्यार्थ्याला विडी कामगार स्त्रियांचा विषय जवळचा आहे: विडी कामगार कल्याण निधीचा कायदा १९७६ चा आणि केंद्राचा, राज्याचा कारभार कन्नडमध्ये आणि अनेक कामगारांची वाचायची भाषा मराठी, अशा स्थितीत योजनेची माहिती त्यांच्यापर्यंत कोणत्या भाषेत आणि कोणामार्फत पोचते, हा शोध घेतला तर राष्ट्र आणि सामाजिक प्रश्न यांची गाठ कुठे पडते ते प्रत्यक्ष दिसते.

प्रश्न ठरल्यावर त्याचा राष्ट्रीय धागा राज्यघटनेत शोधावा. आपल्या घटनेने सर्वांना एकच नागरिकत्व दिले आहे, त्याला भाषेची अट घातलेली नाही. शिवाय अनुच्छेद २९ आपली भाषा आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क देतो. अनुच्छेद ३५०क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगतो, आणि हा अनुच्छेद १९५६ मध्ये, म्हणजे राज्यपुनर्रचनेच्या वर्षीच, सातव्या घटनादुरुस्तीने आला. सीमा आखतानाच पलीकडे राहणाऱ्यांची काळजी घेण्याचे वचन दिले गेले, ही गोष्ट माझ्या मते अशा निबंधाचा कणा होऊ शकते. त्या वचनाचे तुमच्या तालुक्यात काय झाले, ते तुम्ही शोधायचे आहे.

सर्वांत जास्त वेळ पुराव्यांवर घालवावा. राज्यपुनर्रचना कायद्याने चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला, ही कायद्याची नोंद आहे. सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकाला देण्याची व बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवण्याची शिफारस केली, महाराष्ट्राने ती नाकारली आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, ही घटनाक्रमाची नोंद आहे. यापुढे बाजू सुरू होतात. खेडे हे घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही सूत्रे धरून महाराष्ट्र आपली मागणी मांडतो. संसदेच्या कायद्याने प्रश्न मिटला आहे आणि महाजन अहवाल अंतिम मानावा, असे कर्नाटक म्हणतो. नोंद आणि बाजू यांची वाक्ये एकत्र कालवू नयेत. बाजू लिहिताना ती कोणाची हे त्याच वाक्यात सांगावे.

आकड्यांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. जनगणनेच्या मातृभाषेच्या तक्त्यात जिल्हा हे एकक धरले तर बेळगावात कन्नड भाषकांची बहुसंख्या दिसते. तालुका किंवा गाव धरले तर सीमेलगतच्या कित्येक ठिकाणी चित्र पालटते. दोन्ही आकडे खरेच असतात, एकक बदलल्याने निष्कर्ष बदलतो, आणि सीमावादाचा मोठा भाग या एककाच्या निवडीवरच उभा आहे. म्हणून तुम्ही कोणते एकक घेतले आणि का घेतले, हे निबंधात स्पष्ट लिहा.

कन्नड वर्तमानपत्रे आणि सरकारी कागदपत्रे टाळू नका. शाळेत शिकलेली कन्नड इथे खरोखर उपयोगी पडते, आणि दोन्ही बाजूंचा कागद मुळातून वाचू शकणारा विद्यार्थी हे सीमाभागाचे मोठे बळ आहे, त्याचा अभिमान बाळगावा. मराठी बाजूसाठी जुन्या वाचनालयांतील वर्तमानपत्रांच्या फायली पाहाव्यात.

मुलाखतीत ‘तुमच्यावर अन्याय झाला का?’ असे विचारले, की उत्तर आधीच ठरते. ‘जमिनीचा उतारा कोणत्या भाषेत येतो, तो तुम्हाला कोण वाचून दाखवते, त्यासाठी किती फेऱ्या पडतात?’ असे विचारले, तर माणूस बोलता होतो आणि अन्याय असेल तर तो तपशिलातूनच दिसतो. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनासारख्या आठवणी वडीलधाऱ्यांकडून ऐकताना त्या आठवणी म्हणून नोंदवाव्यात आणि तारखा वर्तमानपत्रातून पडताळाव्यात. बोलणाऱ्याची परवानगी घ्यावी, नाव छापू नये.

लिहिताना प्रास्ताविक सर्वांत शेवटी लिहावे. तुम्हाला न पटणारी बाजू तिच्या सर्वांत भक्कम रूपात मांडावी, मगच तिचे उत्तर द्यावे. कच्चा मसुदा कन्नड माध्यमात शिकणाऱ्या एखाद्या मित्राला वाचायला दिला, तर ती बाजू नीट उतरली आहे का ते लगेच कळते. निष्कर्ष मात्र पुराव्याच्या पलीकडे नेऊ नये: एका गावात वीस घरे पाहिली असतील, तर निष्कर्षही त्या वीस घरांपुरताच असावा, आणि तालुक्याबद्दल जे वाटते ते पुढच्या शोधाचा प्रश्न म्हणून शेवटच्या परिच्छेदात मांडावे.