डबलसीटची सेटिंग एकट्याला नको: शॉकअपच्या या चुका टाळा

‘जरा शॉकअप कडक करून द्या’ म्हणत गाडी आणणाऱ्याला आधी विचारावं, मागे कोण बसतं, सामान किती? उत्तर द्यायला त्याला वेळ नसतो. पाना मात्र लगेच फिरायला हवा.

प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे ते, आवळून स्प्रिंग कडक होत नाही. गाडी वर उचलली जाते आणि स्वार बसल्यावर कमी दबते, एवढंच. हे दबणं म्हणजे सॅग.

रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ चा नेहमीचा किस्सा घ्या. कोकणात डबलसीट जायचं, सॅडलबॅगा भरलेल्या, म्हणून मागचा प्रीलोड पूर्ण आवळला. इथवर ठीक. परत आल्यावर सैल करायचं राहून जातं. मग एकट्याने ऑफिसला जाताना खड्ड्याखड्ड्याला मागचं चाक उडतं. दोष टायरला! नवा टायर टाकला तरी उड्या तशाच. मागच्या चाकाचा वरखाली प्रवास १८० मिमी. त्यातला साधारण ३० टक्के, म्हणजे ५०-५५ मिमी, स्वार बसल्यावरच दबायला हवा. सॅग २० मिमीच उरला तर खड्ड्यात उतरायला चाकाला जागा नसते आणि ते रस्ता सोडतं.

मोजायला दोन माणसं मदतीला घ्या. मधल्या स्टँडवर मागचं चाक अधांतरी ठेवून ॲक्सलपासून सरळ वर, बॉडीवरच्या टेपच्या खुणेपर्यंत अंतर घ्या. मग गाडी चाकांवर, एकाने हँडल धरायचं, स्वार हेल्मेट-जॅकेटसकट बसलेला, पाय फूटरेस्टवर. दोनतीनदा दाबून सोडा, पुन्हा तेच अंतर मोजा. फरक हाच सॅग. डांबरी रस्त्यावरच्या स्पोर्ट बाइकला ३०-३५ मिमी पुरे. साइड स्टँडवर घेतलेलं माप फेकून द्या. डबलसीटचं माप सामानासकट वेगळं घ्यायचं आणि दोन्ही सेटिंग सीटखाली कागदावर लिहून ठेवायच्या. पूर्ण आवळूनही गाडी जास्तच दबत असेल तर स्प्रिंग बदला, पाना ठेवून द्या.

मागे जुळे शॉकअप असतील तर दोन्हीकडे प्रीलोडची खाच सारखीच. टायरची हवा आधी, थंड असताना. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या, नळीवर तेल दिसलं की सील गेलं. सेटिंगने ते थांबत नाही.

फोर्कमध्ये जाड तेल ओतण्याचा शॉर्टकट तर डोक्यात जातो. ब्रेक मारताना नाक कमी दबतं खरं, पण खड्ड्याची धार थेट मनगटात येते.

रिबाउंडचा, म्हणजे दबलेला शॉकअप किती वेगाने परत उघडतो ते ठरवणारा, स्क्रू असेल तर तो हलक्या हाताने पूर्ण बंद करत क्लिक मोजा, लिहा, परत मूळ जागी आणा. एका वेळी एकच स्क्रू, दोनच क्लिक, रस्ता तोच. रंबल स्ट्रिपवर (रस्त्यावरच्या ओळीने उंच पट्ट्या) गाडी दबतच जाऊन कडक लागली तर दोन क्लिक उघडा; एका उंचवट्यानंतर दोनतीनदा डुलली तर दोन बंद करा.