जुना लष्करी ट्रक दुरुस्त करून पुन्हा उभा करताना या चुका टाळा

वीस वर्षं कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या ट्रकची खरी वाट लागते ती नव्या मालकाच्या अंगणात, पहिल्या महिन्यात. सगळ्यांना आधी इंजिनाचा आवाज ऐकायचा असतो आणि मग रंग पाहायचा असतो. ब्रेक, चाकं, टाकी, रेडिएटर हे सगळं 'नंतर बघू'च्या यादीत जातं. निसान वन-टन असो, जोंगा असो, शक्तिमान असो की महायुद्धातली विलीज जीप, बहुतेक महागड्या चुका कामाचा क्रम उलटा धरल्यामुळेच होतात.

टोकन देण्याआधी

गाडी आधी आणि कागद मागाहून, ही पहिली चूक. लष्कराने लिलावात काढलेल्या गाडीची नोंदणी करताना आरटीओला मूळ विक्री प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २१, लागतं. मधल्या भंगारवाल्याची पावती त्याची जागा घेत नाही. गाडी तीन हातांतून फिरलेली असेल आणि फॉर्म २१ची फक्त झेरॉक्स असेल, तर ती गाडी सुट्या भागांच्या भावानेच मोजा.

दुसरा गैरसमज 'व्हिंटेज' नोंदणीचा. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० आणि मुदत १० वर्षं. मात्र ती व्याख्या दुचाकी आणि एम१, म्हणजे प्रवासी चारचाकी, यांच्यापुरती आहे. हौदा असलेला मालवाहू ट्रक त्यात बसत नाही. शिवाय व्हीए नंबरची गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. त्यामुळे आपल्या गाडीचा वर्ग कोणता धरला जाईल, हे पुण्यात संगम पुलाजवळच्या आरटीओत आधी विचारून घ्या आणि मगच पैसे मोजा.

चेसिसवर ठोकलेला नंबर आणि डॅशबोर्डवरची डेटा प्लेट यांचे फोटो पहिल्याच दिवशी काढा. चेसिस नंबरची पेन्सिल छापही घेऊन ठेवा. पुढे ब्लास्टिंगवाल्याने तो नंबर घासून पुसट केला, तर तपासणीच्या वेळी नंबर खोडल्याचा संशय तुमच्यावर येतो.

सेल्फ मारू नका, ओढूनही चालू करू नका

बॅटरी जोडली, सेल्फ मारला, इंजिन हललं नाही, की लगेच दोरी बांधून दुसऱ्या गाडीने ओढलं जातं. गंजाने व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला असेल तर पुशरॉड वाकतो. सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पिस्टनच्या रिंगा लायनरला चिकटलेल्या असतील तर तुटतात.

त्याऐवजी सगळे प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये २५ ते ३० मिली ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल आणि अ‍ॅसिटोन यांचं निम्मं-निम्मं मिश्रण ओता आणि दोन-तीन दिवस थांबा. मिश्रण पेटतं, तेव्हा आसपास ग्राइंडर नको. मग रॉकर कव्हर उघडून क्रँक पुलीच्या नटाला पाना लावा किंवा हँडल घाला आणि हाताने फिरवा. हिसका देऊ नका, मागे-पुढे थोडं थोडं हलवा. दोन पूर्ण फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह खाली जाऊन वर येतो का, ते डोळ्यांनी पाहा. एखादा खालीच राहिला तर तिथेच थांबून गाइडमध्ये तेल सोडा.

ऑइल सम्प, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं, काढून धुवायचं काम टाळू नका. तळाला डांबरासारखा गाळ असतो आणि नवं ऑइल पडलं की तो सुटून थेट पंपाच्या जाळीवर बसतो. सम्प बसवल्यावर प्लग काढलेलेच ठेवून १५-१५ सेकंद सेल्फ मारा. ऑइल प्रेशरचा काटा उठल्यावरच प्लग लावा.

कॉम्प्रेशन मोजताना सगळे प्लग बाहेर हवेत आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. १० ते १५ टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर कमी भरणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा गेल्या, वाढला नाही तर व्हॉल्व्ह बसत नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील तर हेड गॅस्केट तिथे फुटलेलं असणार.

शक्तिमानसारख्या डिझेल ट्रकला आणखी एक धोका असतो. बरीच वर्षं बंद असलेल्या डिझेल पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, अडकलेला असला की इंजिन चालू होताच आरपीएम चढत जातो आणि चावी बंद करून काही होत नाही. पहिल्या स्टार्टला एअर क्लीनर काढून ठेवा आणि इनटेकचं तोंड झाकेल एवढी जाड सपाट फळी घेऊन एक माणूस तिथे उभा करा. हवा तोडली की इंजिन मरतं. तळहाताने झाकायचा प्रयत्न कोणी करू नये.

टाकी आणि आजचं पेट्रोल

निसान आणि जोंगाचं ३९५६ सीसीचं सहा सिलिंडर इंजिन इथेनॉल नसलेल्या पेट्रोलवर वाढलेलं आहे. आज पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. इंजिनाच्या पेट्रोल पंपातला जुना रबरी डायफ्राम, कॉर्कचं पॅकिंग आणि साधा होज त्यात मऊ पडतात. डायफ्राम फाटला तर पेट्रोल बाहेर गळतं किंवा सम्पमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला आणि ऑइलची पातळी न घालता वाढली, तर इंजिन लगेच बंद करा. डायफ्राम आणि सील व्हायटॉन रबराचे घ्या, होज इथेनॉल चालणारा घ्या. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते तळाशी बसून पत्रा खातं.

टाकी साफ होईपर्यंत इंजिन वेगळ्या कॅनवर चालवा. भोक दिसलं म्हणून टाकीला थेट वेल्डिंग लावणं म्हणजे जिवाशी खेळ. पेट्रोलने भरलेल्या टाकीपेक्षा वाफ भरलेली रिकामी टाकी जास्त घातक असते.

एप्रिल-मेमध्ये चढावर गाडी मरते आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होते, ही तक्रार नेहमीची. कॉइल बदलली जाते, कार्ब्युरेटर उघडला जातो, गुण येत नाही. बऱ्याचदा पेट्रोलची नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला खेटून गेलेली असते आणि आत वाफ धरते. नळी दूर घ्या आणि मध्ये पत्र्याची आडकाठी लावा. गाडी मेल्या क्षणी इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाका. गाडी लगेच धरली तर निदान पक्कं.

ब्रेक: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

या गाड्यांचं ब्रेकचं सर्किट बहुधा एकच असतं. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकांचा ब्रेक जातो. त्यामुळे 'तीन चाकं ठीक आहेत' याला काही अर्थ नाही. सगळे व्हील सिलिंडर, सगळे होज आणि मास्टर सिलिंडर एकदमच उघडा. बोअरमध्ये खड्डे असतील तर नुसतं होनिंग करून नवे रबर घालू नका, महिन्याभरात पुन्हा गळती लागेल. भोसरीतल्या एखाद्या चांगल्या लेथवाल्याकडून स्टेनलेसची स्लीव्ह मारून मूळ मापाचा बोअर करून घ्या.

पाइपसाठी तांब्याची नळी वापरू नका. कंपनाने ती कडक होते आणि फ्लेअरपाशी चिरते. स्टीलची किंवा तांबं-निकेल मिश्रधातूची ब्रेक पाइप घ्या, फ्लेअर दुहेरी मारा. ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही. इंजिन ऑइलचा एक थेंबही आत गेला तर सगळे रबर फुगतात. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असतो, म्हणून ड्रम उघडल्यावर हवेने धूळ उडवू नका. पाणी मारून ओल्या फडक्याने पुसा.

आता नेहमीचं दुखणं. पाच-सात किलोमीटर गेल्यावर ट्रक जड होतो, ड्रम तापतात, थांबून गार झाला की पुन्हा सुटतो. गॅरेजमध्ये ब्रेक सैल करून देतात, दोन दिवसांनी तेच. शोधायचं असं: ट्रक जाम असतानाच जाम चाक जॅकवर घ्या आणि त्याचं एअर काढायचं निपल सैल करा. चाक सुटलं नाही तर दोष लायनर, स्प्रिंग किंवा जाम पिस्टनचा. सुटलं तर दाब आत अडकलेला आहे. गाडी पुन्हा जाम होईपर्यंत चालवा आणि या वेळी मास्टर सिलिंडरची बाहेर जाणारी नळी सैल करा. आता चाक सुटलं तर दोष मास्टरपाशी: बहुधा पेडलला मोकळी चाल नाही, त्यामुळे पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि परतीचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं. पुशरॉड कमी करून पेडलला १० ते १५ मिमी मोकळी चाल द्या. नळी सोडूनही चाक जामच राहिलं तर रबरी होज आतून फुगून बंद झाला आहे. बाहेरून तो नव्यासारखा दिसतो, तरी बदला.

एअर काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने सुरुवात करा.

चाकं

दोन अर्ध्या भागांची किंवा लॉक रिंगची चाकं माणूस मारतात, हे अतिशयोक्तीने लिहिलेलं नाही. युद्धकाळातल्या जीपच्या कॉम्बॅट रिमला हबजवळची पाच नटं चाक धरून ठेवतात आणि बाहेरच्या वर्तुळातली नटं रिमचे दोन भाग. टायरमध्ये हवा असताना बाहेरची नटं खोलली तर रिम तोफगोळ्यासारखी सुटते. कुठलाही पाना लावण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढा आणि तारेने खात्री करा की तोंड गाळाने बुजलेलं नाही. हवा भरताना चाक पिंजऱ्यात हवं. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याला हे काम देऊ नका.

विलीज जीपच्या डाव्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात. पाइप लावून जोर काढण्याआधी स्टडच्या टोकावर 'एल' आहे का ते बघा.

चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले ठेवा, आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील घालू नका. पुढचे-मागचे अ‍ॅक्सल एकमेकांविरुद्ध पीळ धरतात आणि लिव्हर निघेनासा होतो. झालंच तर हातोडा नको, थोडी रिव्हर्स घ्या. तरी नाही सुटला तर एक चाक जॅकवर उचला.

तापणारं इंजिन

'थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडे गरज नाही' हा सल्ला दर तिसऱ्या गॅरेजमध्ये मिळतो. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन थंड चालतं, ऑइलमध्ये पेट्रोल आणि पाणी साचतं. बायपास असलेल्या इंजिनात बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरतं आणि कात्रजच्या चढाला ते आणखी तापतं. खरं कारण बहुधा ब्लॉकच्या मागच्या टोकाला असतं. शेवटच्या सिलिंडरभोवती गंजाचा चिखल घट्ट बसलेला असतो. ड्रेन कॉक काढा. पाणी येत नसेल तर तार घाला, कोअर प्लग काढून आतून खरवडा. नुसता रेडिएटर रॉडिंग करून आणला तर हाच चिखल महिन्याभरात त्यात जाऊन बसतो. बोअरवेलचं पाणी घालू नका. इग्निशन मागे राहिलं, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असली, तरी इंजिन तापतं, तेव्हा टायमिंगही पाहा.

वायरिंग आणि नटबोल्ट

आधी व्होल्टेज पाहा. युद्धकाळातली जीप ६ व्होल्टची, नंतरच्या लष्करी गाड्या १२ किंवा २४च्या. त्यातही मधल्या हातांनी बदल केलेले असतात. ६ व्होल्टला आजच्या कारची बारीक केबल लावली की सेल्फ कण्हतो आणि दोष बॅटरीला दिला जातो. सेल्फ मारत असताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये मल्टिमीटर धरा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. नव्याने रंगवलेल्या ट्रकमध्ये हे हमखास होतं, कारण अर्थच्या बोल्टखाली रंग असतो.

प्रॉपेलर शाफ्ट, स्टीअरिंग आणि ब्रेकला हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट लावू नका. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ वाचून घ्या. अमेरिकन गाड्यांना इंची आटे असतात, तिथे डोक्यावर तीन रेघा म्हणजे ग्रेड ५ आणि सहा म्हणजे ग्रेड ८. मिलिमीटरचा बोल्ट इंची आट्यात दोन फेऱ्या जातो आणि मग आटे खातो.

नाना पेठेत जाऊन 'जोंगाचं ऑइल सील द्या' म्हणाल तर नाही हेच उत्तर मिळेल. व्हर्नियरने आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी लिहून न्या. सील आणि बेअरिंग मापावर मिळतात. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जाणार असाल तर जुना नमुना पिशवीत हवाच.

रंग सगळ्यात शेवटी

सँडब्लास्टिंग चेसिसला ठीक आहे, दरवाजा आणि बॉनेटला नाही. पातळ पत्रा लाटांसारखा वाकतो आणि कितीही पुट्टी भरली तरी उन्हात ते दिसतं. अ‍ॅक्सलचे ब्रीदर, हब आणि गिअरबॉक्सची तोंडं बंद न करता ब्लास्टिंग केलं तर वाळू बेअरिंगमध्ये जाते. ब्लास्ट केलेल्या पत्र्यावर चार तासांच्या आत टू-के (दोन भाग मिसळून मारायचा) एपॉक्सी प्रायमर मारा. हवेत ८५ टक्क्यांहून जास्त आर्द्रता असेल तर काम थांबवा. म्हणजे जून ते सप्टेंबर पुण्यात उघड्यावर हे काम करूच नका. नुसता रेडऑक्साइड मारून पावसाळा काढायचा बेत असेल तर तोही सोडा, तो पाणी पितो.

खरवडण्याआधी दरवाजावर आणि बंपरवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, हाताएवढ्या जागेत गोल फिरवत हलक्या हाताने घासा. वरचा रंग गेला की खालचा थर, त्याखाली आणखी एक, आणि मध्येच एखाद्या आकड्याची पांढरी कड किंवा पुलाच्या वजनाच्या पिवळ्या चकतीचा तुकडा दिसतो. फोटो काढा, ट्रेसिंग पेपरवर माप घ्या. हे एकदा ग्राइंडरखाली गेलं की परत मिळत नाही.

आणि सगळ्यात महाग पडणारी चूक: मूळ ऑलिव्ह ग्रीन. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२१ हा रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांपुरता राखून ठेवतो. रस्त्यावर येणाऱ्या खासगी गाडीला तो चालत नाही, मग गाडी लष्करातून आलेली का असेना. बाणाची नंबर प्लेट आणि युनिटची चिन्हंही नकोत. वाळूचा रंग किंवा राखाडी निवडा आणि नोंदणीत तोच लिहून घ्या. फिनिश मॅट ठेवणार असाल तर त्यावर पॉलिश किंवा वॅक्स लावू नका. जिथे चमकतो तो डाग पुन्हा मॅट होत नाही आणि पूर्ण पत्रा नव्याने मारावा लागतो.