स्वतंत्र फ्लॅमेंको फ्यूजन बँड चालवायचाय? मग आधी ह्या गोष्टी पक्क्या करा

पहिलं काम कोम्पास, म्हणजे फ्लॅमेंकोचं (स्पेनच्या गाणं, गिटार आणि नाचाच्या परंपरेचं) ठेक्याचं चक्र. गिटारवर चार स्पॅनिश वाटणारे तुकडे आणि खाली इलेक्ट्रॉनिक बीट म्हणजे फ्यूजन, असं बऱ्याच जणांना वाटतं, पण फ्लॅमेंको ऐकणारा माणूस अर्ध्या मिनिटात ओळखतो. बुलेरिया ह्या जलद प्रकाराचं १२ मात्रांचं चक्र, जोर साधारण १२, ३, ६, ८, १० वर, हे बेसवाल्याला, ड्रमरला, कीबोर्डवाल्याला सगळ्यांना हातावर यायलाच पाहिजे. रिहर्सलची सुरुवात वाद्यं बाजूला ठेवून नुसत्या टाळ्यांनी करा, खरंच फरक पडतो. नवीन असाल तर आधी टांगोस आणि रुम्बा हे प्रकार घ्या, ते ४ मात्रांत चालतात आणि फंक, हिपहॉप त्यात पटकन बसतं, १२ मात्रांचा संथ सोलेआ नंतर.

कोणीतरी म्हणणारच की हे शुद्ध नाही. काखोन, म्हणजे वर बसून हातांनी वाजवायचा लाकडी खोका, आज फ्लॅमेंकोत सगळीकडे दिसतो ना, तो मूळचा पेरूचा, गिटारवादक पाको दे लुसियाने १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथून आणला. आणि फ्लॅमेंको गायक कामारोनचा १९७९ चा प्रयोगशील अल्बम सुरुवातीला फारसा खपलाच नव्हता, आज तो मैलाचा दगड मानतात. म्हणून बिनधास्त मिसळा, फक्त कशात काय मिसळतोय ते माहीत असू द्या.

आता स्टेज, कारण इथे सगळ्यात जास्त शो बिघडतात. डान्सर असेल तर लाकडी फ्लोअर लागतोच, काँक्रीटवर किंवा कार्पेटवर पायांचा आवाजही येत नाही आणि गुडघे मात्र जातात. आयोजकाला टेक्निकल रायडरमध्ये (स्टेजवर काय काय लागेल त्या यादीत) स्पष्ट लिहून द्या: प्लायवूडचा प्लॅटफॉर्म किती बाय किती, पायांसाठी माइक कुठे, काखोनला पुढून आणि मागून वेगळा माइक, टाळ्यांसाठी वेगळा. नायलॉन तारांची गिटार मोठ्या आवाजात लगेच फीडबॅक देते म्हणून पिकअप आणि माइक दोन्ही ठेवा आणि मॉनिटर गिटारपासून थोडे लांब. ड्रम जास्त झाले की गायकाचा आवाज दबतो आणि मग उरतं काय, फ्लॅमेंकोचा जीव कांतेमध्येच, म्हणजे गाण्यातच आहे, त्यामुळे साउंडचेकमध्ये आधी गायकाचा आवाज लावा आणि बाकी सगळं त्याच्याभोवती.

पैशाचं बोलणं पहिल्या रेकॉर्डिंगच्या आधी, कागदावर. गाणं कोणी रचलं, कोणाचा वाटा किती, कोणी बँड सोडला तर काय. रचनेचे हक्क आणि रेकॉर्डिंगचे हक्क वेगवेगळे असतात, दोन्हींची नोंदणी करा, स्पेनमध्ये रचनेसाठी एसजीएई ही रचनाकारांचे हक्क सांभाळणारी संस्था आहे. मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, शक्यतो स्वतःकडे ठेवा. बार्सिलोनाच्या ओखोस दे ब्रुखो ह्या फ्लॅमेंको फ्यूजन बँडने पहिल्या अल्बमनंतर स्वतःचं लेबल काढलं आणि २००२ चा अल्बम त्यावरच आणला, पुढे ते जगभर फिरले. म्हणजे ही वाट चाललेली आहे.

बुकिंगसाठी एडिट केलेला चकचकीत व्हिडिओ नको, लाइव्हचा एक सलग तीन-चार मिनिटांचा तुकडा पाठवा, ज्यात टाळ्या, पाय आणि गाणं स्पष्ट ऐकू येतं. मोठे फेस्टिव्हल खूप महिने आधी ठरतात, मध्ये काम थांबू नये म्हणून त्याच गाण्यांचं तिघांचं छोटं व्हर्जन बसवून ठेवा, गिटार, गाणं, काखोन. लहान हॉलला पूर्ण बँड परवडत नाही पण हे तिघं नक्की परवडतात.