गॅस पाईपलाईन वावरातून जाणार असेल, तर हरकत कशी नोंदवावी

तेलाची किंवा वायूची पाईपलाईन शेतातून नेताना शासन सहसा जमीन विकत घेत नाही. 1962 च्या पेट्रोलियम व खनिज पाईपलाईन अधिनियमाखाली केवळ जमिनीखालील वापराचा हक्क संपादन केला जातो आणि सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. एवढ्यावर निर्धास्त होणे महागात पडते, कारण कलम 9 नुसार त्या पट्ट्यात पुढे विहीर, शेततळे वा गोठा बांधता येत नाही आणि झाडही लावता येत नाही. कापूस-तुरीचे वावर पुन्हा पेरता येते. वरुड-मोर्शीकडील संत्र्याच्या बागेतील पट्टा मात्र कायमचा ओसाड होतो.

विरोधाला कायद्याने ठेवलेली मुख्य संधी अत्यंत अरुंद आहे. कलम 3(1) ची अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध होऊन तिच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्यापासून 21 दिवसांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली केंद्राने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, लेखी हरकत पोहोचली पाहिजे. कोणत्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी व जनसुनावणी लागते हे ठरवणाऱ्या 2006 च्या अधिसूचनेत अशा पाईपलाईनचा समावेश अभयारण्ये, राष्ट्रीय उद्याने यांसारख्या संवेदनशील क्षेत्रांपुरताच असल्याने साध्या शेतशिवारात जनसुनावणी होईल या आशेवर बसू नये. ग्रामसभेचा ठराव अवश्य घ्यावा, परंतु तो प्रत्येक खातेदाराच्या स्वतंत्र हरकतीची जागा घेऊ शकत नाही.

अधिसूचनेच्या अनुसूचीतील गट क्रमांक व क्षेत्र प्रथम आपल्या सातबाऱ्याशी पडताळावे. अर्जात सर्वसाधारण नाराजी न मांडता आपल्या गटातील विहीर, ठिबकची मुख्य वाहिनी, फळझाडे आणि घर नेमके कोठे आहे, हे मोजणीच्या नकाशावर दाखवावे. कलम 7 नुसार अधिसूचनेपूर्वी राहण्यासाठी वापरात असलेल्या किंवा कायम बांधकाम उभे असलेल्या जमिनीखालून, तसेच एक मीटरपेक्षा कमी खोलीवरून पाईपलाईन नेता येत नाही. हा आधार लागू असेल तर तो सर्वांत आधी लिहावा. पीकपेऱ्याची नोंद व छायाचित्रे जोडावीत, प्रत्यक्ष सुनावणीची मागणी अर्जातच करावी आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये.

पर्यायी मार्ग सुचवल्यास हरकतीला वजन येते. मुंबई-नागपूर वायुवाहिनी समृद्धी महामार्गालगत टाकली गेली, हे उदाहरण आपल्याच भागातले आहे. मात्र केवळ राज्याच्या नेत्यांवर विसंबू नये: तामिळनाडू सरकारने 2013 मध्ये वाहिनी महामार्गालगत वळवण्यास सांगितले, तरी उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही राज्य हरले, कारण हा कायदा केंद्राचा आहे. मोजणीदारांना अडवणेही टाळावे. तो कलम 15 खालील गुन्हा ठरू शकतो.

हरकत फेटाळली गेली तरी भरपाईचा प्रश्न उरतोच. पीक, झाडे व इतर नुकसानीखेरीज कलम 10 अन्वये वापराच्या हक्कापोटी जमिनीच्या बाजारभावाच्या 10 टक्के रक्कम मिळते आणि ती अमान्य असल्यास जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. त्यासाठी खोदकामापूर्वीच झाडन्‌झाड मोजून, वयासह, पंचनाम्यात लिहून घ्यावे, रकाने कोरे असतील तर सही करू नये आणि पंचनाम्याची प्रत त्याच दिवशी मागून घ्यावी.