वसाहतींची कॉपी आली की

परराष्ट्र पानावर नव्याने आलेल्यांसाठी लिहितोय. इस्रायली वसाहतींवरून युरोपीय संघाने निषेध केल्याची कॉपी रात्री अकराला पडते आणि पान साडेअकराला सोडायचं असतं.

आधी निवेदन कोणाच्या नावाने आहे ते बघा. उच्च प्रतिनिधी, म्हणजे संघाचे परराष्ट्र धोरणप्रमुख, ‘युरोपीय संघाच्या वतीने’ बोलत असतील तर सत्तावीसही देश राजी आहेत. बातमी वर घ्या. नुसतं त्यांचं स्वतःचं निवेदन असेल तर तसं समजू नका. मे २०२१मध्ये गाझातल्या शस्त्रसंधीच्या आवाहनाला हंगेरी तयार झाली नाही, तेव्हाचे उच्च प्रतिनिधी बोरेल यांना २६ देशांच्या भरवशावर बोलावं लागलं होतं. प्रवक्त्याचं निवेदन त्याहून हलकं.

या वसाहती जॉर्डन नदीच्या पश्चिमेला, इस्रायलने व्यापलेल्या ज्या पॅलेस्टिनी भागात आहेत, त्याला ‘वेस्ट बँक’च लिहा. मी एकदा ‘पश्चिम किनाऱ्यावर तणाव’ असा मथळा दिला आणि सकाळी रत्नागिरीहून वाचकाचा फोन, मच्छीमारांचं काय झालं म्हणून.

‘बेकायदा वसाहती’ हेही टाळा. वाचकाला वाटतं, बाकीच्या कायदेशीर असतील. १९८०च्या व्हेनिस जाहीरनाम्यापासून युरोपचं म्हणणं आहे की १९६७मध्ये व्यापलेल्या भूमीवरच्या सगळ्याच वसाहती आंतरराष्ट्रीय कायद्याने बेकायदा. इस्रायल सरकारच्याही परवानगीविना उभ्या राहतात त्या ‘आउटपोस्ट’.

सर्वांत जास्त घोळ मालाच्या बातमीत होतो. नोव्हेंबर २०१५मध्ये मी ‘इस्रायली मालावर युरोपचा बहिष्कार’ असं ठोकून दिलं. सकाळच्या बैठकीत संपादकांनी अंक पुढे सरकवला, ‘बहिष्कार’भोवती लाल गोल. निर्णय होता लेबलचा. वेस्ट बँकेतल्या प्सागोत या वसाहतीची वाइन युरोपात विकायला बंदी नाही, पण बाटलीवर नुसतं ‘इस्रायल’ चालत नाही. वेस्ट बँक आणि इस्रायली वसाहत, दोन्ही लिहावं लागतं. २०१९मध्ये लक्झेंबर्गमधल्या युरोपीय संघाच्या न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

कस्टम्सचं प्रकरण वेगळं, ते लेबलात मिसळू नका. २००५पासून इस्रायली मालाच्या उगम-दाखल्यावर उत्पादनाच्या गावाचं नाव आणि पिनकोड असतो. अधिकारी तो यादीशी ताडून बघतात. पिनकोड वसाहतीचा निघाला तर इस्रायली मालाला मिळणारी शुल्कातली सवलत गेली; पूर्ण शुल्क भरून माल आत येतो.

बंदीची बातमी आलीच तर कोणाची ते तपासा. २०२५मध्ये स्लोव्हेनियाने वसाहतींच्या मालावर घातली, ती स्लोव्हेनियाची स्वतःची, युरोपीय संघाची नव्हे. मथळ्यात देशाचं नाव घाला आणि पान सोडा.