झिप केलं, तरी फोल्डर तेवढाच कसा?

भाच्याचा फोन आला. "मामी, तीन जीबीचे फोटो झिप केले. मशीन बराच वेळ घुरघुरलं, आणि झिप झाली दोन पॉइंट अठ्ठ्याण्णव जीबीची. कॉम्प्युटर बिघडलाय का?"

बिघडलं काहीच नव्हतं. झिप म्हणजे गादी दाबून पिशवीत कोंबणं, असा त्याचा समज होता. बहुतेकांचा असतो. मी मुद्रितशोधक आहे, लोकांनी दोनदा लिहिलेलं एकदा करणं हा माझा रोजचा धंदा. झिपचाही तोच. फरक एवढाच, की मी खोडलेलं गेलं ते गेलं. झिपने काढलेलं शेवटच्या काना-मात्रेसकट परत येतं.

हे सांगून पटत नाही, करून बघा. नोटपॅड उघडा, 'कंटाळा' लिहा आणि पुढे एक स्पेस द्या. आता कंट्रोल-ए, कंट्रोल-सी, उजवा बाण, कंट्रोल-व्ही. एकाचे दोन झाले. हेच एकूण दहा वेळा केलं की १,०२४ कंटाळे होतात. फाइल सेव्ह करा. विंडोजमध्ये तिच्यावर राइट-क्लिक करून 'सेंड टू'मधून 'कॉम्प्रेस्ड फोल्डर' निवडा. विंडोज ११ असेल तर तिथेच 'कॉम्प्रेस टू' असा पर्याय दिसेल. मॅकवर नुसतं 'कॉम्प्रेस'. मूळ फाइल १९ केबीची, झिप एका केबीच्याही आत.

आत घडलं ते असं. झिपने पहिला कंटाळा पूर्ण लिहून घेतला. पुढे तिने लिहिलं, "एकोणीस बाइट मागे जा आणि तिथून पुढचं उतरवत राहा." बस्स. मागे बघून 'वरीलप्रमाणे' लिहायची ही युक्ती अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव यांनी १९७७ साली मांडली. तिच्या जोडीला दुसरी एक असते, डेव्हिड हफमन यांची, १९५२ साली छापून आलेली. जे चिन्ह वारंवार येतं त्याला आखूड खूण, क्वचित येणाऱ्याला लांब. (हफमन तेव्हा एमआयटीत विद्यार्थी होते आणि परीक्षेऐवजी निबंध लिहायची सवलत मिळाली म्हणून या प्रश्नाच्या मागे लागले होते. परीक्षा टाळण्यासाठी एवढी मेहनत करणारे विरळाच.) झिप हा प्रकार फिल कॅट्झ यांनी १९८९ साली आणला. आजच्या झिपमध्ये सहसा या दोन्ही युक्त्या एकापाठोपाठ चालतात.

एकोणीस बाइट का? बाइट हे फाइल मोजायचं एकक, एकात ० ते २५५ मधला एक आकडा मावतो. आपलं देवनागरी अक्षर फाइलमध्ये तीन बाइट खातं, इंग्रजी अक्षर एकच. 'कंटाळा'मध्ये अनुस्वार आणि काने धरून सहा चिन्हं आहेत. त्यांचे झाले अठरा आणि स्पेसचा एक. गंमत म्हणजे त्या तिनांतला पहिला बाइट प्रत्येक देवनागरी चिन्हाला तोच असतो, २२४. दुसरा एक तर १६४, नाहीतर १६५. म्हणजे मजकूर कितीही प्रतिभावान असो, साठवताना तीनातले जवळजवळ दोन बाइट ठरलेलेच. म्हणून साधी मराठी टेक्स्ट फाइल झिप केली की मस्त आकसते. आमच्या लिपीला जागा फार लागते अशी तक्रार करणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

झिपची नजर मात्र जवळची आहे. नेहमीची झिप मागे फक्त ३२ केबीपर्यंत बघते. मराठीत ती जेमतेम अकरा हजार चिन्हं भरतात, एखादं लांब प्रकरण म्हणा. पहिल्या प्रकरणातलं आडनाव सातव्यात आलं तर झिपला ते नवंच वाटतं. सेव्हन-झिप नावाच्या वेगळ्या प्रोग्रॅमचा '७झेड' हा प्रकार कित्येक एमबी मागचं लक्षात ठेवतो, त्यामुळे त्याची फाइल बहुधा लहान होते. पण समोरच्याकडे तो उघडायची सोय असेलच असं नाही. कोणाला पाठवायचं असेल तर मी साधी झिपच करते.

आता फोटो. ते बहुधा 'जेपेग' प्रकारचे असतात. जेपेग फोटो कॅमेऱ्यातून बाहेर पडतो तोच दाबलेला असतो. डोळ्याला सहज न कळणारे बारकावे त्याने आधीच टाकून दिलेले असतात, आणि उरलेल्यावर सहसा हफमनचीच युक्ती चालवलेली असते. झिपला 'वरीलप्रमाणे' म्हणायला काही शिल्लकच नाही. एमपी-थ्री गाणी, व्हिडिओ यांचंही तेच. फोटोंची झिप करावी ती शंभर फाइलींचं एक गाठोडं व्हावं म्हणून, जागा वाचावी म्हणून नाही. खरोखर लहान करायचे असतील तर फोटोची लांबी-रुंदी कमी करा, तीही प्रतीवर. तिथे टाकलेलं कोणी परत आणून देत नाही.

वर्डची 'डॉक्स' फाइलही मुळात झिपच असते. खरं वाटत नसेल तर एखादीची प्रत काढा, नावातला शेवटचा 'डॉक्स' पुसून 'झिप' लिहा आणि उघडा. आत 'वर्ड' नावाचा फोल्डर, त्यात 'मीडिया', आणि त्यात मजकुरात चिकटवलेली सगळी चित्रं सुटी. लेखक मूळ चित्रं पाठवायला विसरतात तेव्हा मी ती अशीच काढून घेते.

आता माझी फजिती. एका लेखकाने हस्तलिखित झिप करून पाठवलं. मी झिपवर डबल-क्लिक केलं, आतली फाइल दिसली, उघडली आणि दुपारभर चाळीस पानं तपासली. मधूनमधून सेव्हही केलं. संध्याकाळी झिप पुन्हा उघडते तर सगळ्या चुका जागच्या जागी! झिपच्या आत दिसणारी फाइल ही काचेपलीकडची असते. ती उघडताना विंडोज तिची एक प्रत कुठल्यातरी तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढतं, आणि आपण त्या प्रतीवर राबत बसतो. चाळीस पानं दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचली. तेव्हापासून झिप आली की आधी राइट-क्लिक, 'एक्स्ट्रॅक्ट ऑल', मग चहा, मग काम.

झिप उघडतच नसेल तर घाबरू नका, बहुधा ती अर्धवट उतरलेली असते. आतल्या फाइलींची यादी झिपच्या अगदी शेवटी असते, पुस्तकाच्या मागच्या सूचीसारखी. शेपूट तुटलं की यादी गेली. पाठवणाऱ्याला आकार विचारा आणि पुन्हा उतरवा.

पासवर्ड घालायचा असेल तर विंडोजच्या झिपमध्ये ती सोय नाही, सेव्हन-झिप लागेल. पण साध्या झिपला पासवर्ड घातला तरी आतल्या फाइलींची नावं कोणालाही वाचता येतात. 'राजीनामा-अंतिम' असं नाव असेल तर पासवर्ड हवा कशाला? '७झेड' निवडून 'एनक्रिप्ट फाइल नेम्स'वर टिचकी मारा.

भाच्याने विचारलं, "मग झिप ठेवून मूळ फोटो उडवू?" म्हटलं, वीस एमबी वाचवायला? झिप उडव. आणि कधी मूळ फाइली उडवायचीच वेळ आली, तर आधी झिप दुसऱ्या फोल्डरमध्ये पूर्ण उलगड, फाइली मोज, दोन-चार उघडून बघ. मोजून झाल्यावर त्याचा परत फोन आला. फोटो एक हजार एकशे बारा निघाले, आणि त्यातले दोनशे एकाच मांजरीचे.