सोल्डर नव्हे, आधी पाय तापवा

सर्किट बोर्डवर सुटे भाग सोल्डरने, म्हणजे वितळवलेल्या मिश्रधातूने, जोडताना नवशिक्याचा हात लगेच ओळखू येतो. सोल्डरिंग आयर्नच्या तापलेल्या टोकावर सोल्डरचा थेंब घ्यायचा आणि भिंतीला गिलावा मारावा तसा तो जोडावर थापायचा. थेंब बसतो, पण धरत नाही. त्यातला फ्लक्स (धातू साफ करून सोल्डर पसरू देणारा पदार्थ) वाटेतच धूर होऊन उडालेला असतो आणि खालचं तांबं थंडच असतं. माझा पहिला एफएम रेडिओ टेबलावर थाप मारली की गायचा, नाहीतर मुका. महिनाभर मी स्पीकरला शिव्या घातल्या. दोष निघाला एका कपॅसिटरच्या पायाच्या, म्हणजे त्या भागातून निघणाऱ्या तारेच्या, कच्च्या जोडाचा.

आयर्नचं टोक पॅड (बोर्डवरचा तांब्याचा ठिपका) आणि पाय या दोघांना एकदम टेकवा. दोनेक सेकंद थांबा. मग सोल्डरची तार समोरच्या बाजूने पायाला लावा, टोकाला नाही. पाय पुरेसा तापला असेल तर ती आपोआप वितळून भोवती पसरते. आधी तार काढा, मग आयर्न, आणि सोल्डर गोठेपर्यंत बोर्डला हात लावू नका. चांगला जोड छोट्या टेकडीसारखा पॅडवर उतरत जातो. साबुदाण्यासारखा गोल गोळा दिसला तर थोडा फ्लक्स लावून पुन्हा तापवा.

६३/३७ची (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) तार १८३ अंश सेल्सियसला वितळते, तरी आयर्न ३२० ते ३५०वर ठेवा. पॅड बरीच उष्णता ओढून घेतो. बंद करण्याआधी टोकावर थोडं सोल्डर फासून ठेवा, नाहीतर ते काळं पडतं. आणि हो, या तारेत शिसं असतं. चहाच्या कपाला लावण्याआधी हात साबणाने धुवा.